केसाएवढा उजेड

जॉइंटर घ्यायचा, असं त्याने एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं आणि त्या एका ठरवण्याने पुढचे पाच महिने त्याला नाचवलं. जॉइंटर म्हणजे फळीची कड नाकासमोर सरळ करून देणारं रंध्याचं मशीन. एवढं कळलं तरी पुरे. त्याला स्वतःलाही त्याहून फारसं कळत नव्हतं, कारण आजवर त्याने प्रत्येक कड हातरंध्याने मारली होती आणि मशीनवाल्यांना नावं ठेवली होती.

तो गिटारी बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत वर्षाला सहा-सात, जास्त नाही. आता गिटारची वरची फळी एकसंध नसते बरं का. एकच फळी मधोमध चिरायची, पुस्तकासारखी उघडायची आणि दोन पानं कडेला कड लावून सरसाने जोडायची. कडा अशा भिडायला हव्यात की दोन्ही पानं खिडकीसमोर धरली तर मधून उजेडाचा केसही दिसता कामा नये. दिसला तर परत रंधा.

या कामात नवरा-बायकोची वाटणी होती. तो खिडकीकडे पाठ करून पानं धरायचा आणि ती समोर स्टुलावर बसून बघायची. मग एक डोळा मिटायची आणि निकाल द्यायची. "बंद," म्हणाली की सरस लावायचा. "उजेड," म्हणाली की वाद घालायचा नाही. (वाद त्याने एकदाच घातला होता. ती गिटार वर्षभरात मधोमध उकलली. बायको काही बोलली नाही. बायका अशा वेळी बोलत नाहीत तेच जास्त लागतं.)

आणि तो मिटलेला डोळा! त्याची एक गंमतच होती. लग्नानंतरची पंचवीस वर्षं ती दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायची. मग साठीच्या जवळ आल्यावर एके दिवशी तिने पानांवरून त्याच्याकडे बघत झक्कपैकी उजवा डोळा मिटला. गडी हबकला. या वयात? पण नंतरची बारा वर्षं ती दरवेळी मिटत राहिली आणि मग मात्र हे महाशय फुलले. मागच्या खोलीतही इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. कधी कधी तर मुद्दाम कडेत एवढासा उजेड ठेवायचे, म्हणजे तिला दोनदा बघावं लागेल. पुरुषाला खूश ठेवायला किती कमी लागतं पाहा!

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तीन दिवसांचा ताप, बस. माणसं आली, जेवणाचे डबे आले, मग डबे परत गेले आणि माणसंही गेली. (भाजीवाला तेवढा फार रडला. याच्यापेक्षाही जास्त. तेव्हा याला वाटलं होतं, काय हळवा माणूस आहे.)

काम थांबलं नाही, पण बघायला कोण? त्याने खिडकीत पानं अडकवायला लाकडी चौकट केली आणि स्वतः तिच्या स्टुलावर बसायला लागला. तिचाच चष्मा लावायचा. दोघांचा नंबर जवळपास सारखा होता, आणि शिवाय कारागिराचा एक नियम असतो: ज्या पट्टीने पहिलं माप घेतलं, त्याच पट्टीने शेवटचं घ्यायचं. उजेड बघायची पट्टी तिचा चष्मा होता. तिथे स्वतःचा चष्मा लावणं म्हणजे कामात लबाडी झाली.

तर तो मान ताठ धरून, श्वास रोखून बघायचा. आणि उजेड दिसायचा.

केसाएवढा, उभा, अगदी मधोमध. परत रंधा मारावा, परत उजेड. पातं पाजळावं, परत उजेड. अकरा जोड्या वाया गेल्या. चांगल्या, वाळलेल्या, वाजवल्या की घंटेसारख्या बोलणाऱ्या फळ्या! त्यांची त्याने कपाटं, फडताळं, साबणदाण्या केल्या. शेजारणीला चपलांचं स्टँड करून दिलं. त्यावर चप्पल टाकली की गोड आवाज यायचा आणि शेजारीण दचकायची.

आता एकच जोडी उरली होती. दोघांनी मिळून निवडलेली शेवटची. ती बायकोनेच बोटांनी टकटक करून काढली होती आणि म्हणाली होती, "ही ठेवा. घाईत वापरू नका." त्या जोडीला हात लावायची त्याची छाती होईना. हात गेले आपले, असं त्याने मनाशी धरलं. हात गेले तर मशीन आणायचं, ही जोडी मशीनने जोडायची, शेवटची गिटार करायची आणि खोलीला कुलूप घालायचं. म्हणून तो जॉइंटर.

आता खरेदीला निघालेल्या माणसाला जो मान असतो तो नवरदेवालाही नसतो. त्याने तीन दुकानांत चौकशी केली आणि दुसऱ्या दिवसापासून मुका झालेला फोन बोलायला लागला.

"काका, काय ठरलं? सहा इंची घेताय की आठ इंची?"

"बघतोय," हा म्हणायचा.

"आमच्या मशीनचं टेबल लांब आहे बघा. खोली केवढी आहे तुमची?"

मग हा खोली सांगायचा. खोलीवरून खिडकी निघायची, खिडकीवरून ती निघायची. पलीकडचा विक्रेता मुकाट ऐकायचा, कारण गिऱ्हाईक तुटू द्यायचं नसतं. दोन वर्षांत त्याचं इतकं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. "ठरलं" म्हटलं की फोन बंद होणार, हे त्याला न कळण्याइतका तो बावळट नव्हता. (इतर बाबतींत होता, ते पुढे येतंच.)

लेकीचा रविवारी फोन यायचा. "बाबा, घेतलंत का मशीन?"

"अगं, अशी घाई करून कसं चालेल?"

"पाच महिने झाले! माझं लग्न तुम्ही दोन आठवड्यांत ठरवलंत."

"तिथे उजेड बघायचा नव्हता."

"बघायला हवा होता," लेक म्हणाली आणि दोघंही हसले.

पण ही न ठरवायची पळवाट त्याने लबाडीने काढली नव्हती, हेही सांगायला हवं. दुकानदारांनी आपापल्या मशीनवर कडा मारून नमुने पाठवले. त्याने ते इमानाने चौकटीत लावले, चष्मा लावला, बघितलं. पहिल्यात उजेड. दुसऱ्यात उजेड. पहिल्या दोघांनी हात टेकले. तिसऱ्या दुकानाचं मशीन विकायची एक बाई. पन्नाशीची, आवाज खणखणीत, मनगटावर वंगणाचा डाग. तिला तो "उजेड आहे" म्हणाला आणि ती फोनवर कडाडली.

"माझ्या मशीनवर? थांबा, मीच येते."

आली ती सरळ मशीनच टेम्पोत घालून. चार माणसांनी ते खोलीत ठेवलं, तेव्हा खोलीत मशीन नसून मशीनभोवती खोली बांधलीय असं दिसायला लागलं. तिने फळी घेतली, दोन कडा मारल्या, पानं भिडवून खिडकीसमोर धरली आणि म्हणाली, "बंद! टाचणीलासुद्धा वाट नाही."

तो शब्द या खोलीत दोन वर्षांनी ऐकू आला होता. पण नियम म्हणजे नियम. त्याने पानं चौकटीत लावली, चष्मा चढवला, स्टुलावर बसला.

"उजेड आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

"कुठे?"

"मधोमध. केसाएवढा."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, तोंड धुऊन या जरा. मी दुसरी जोडी मारते."

तो तोंड धुऊन आला. चौकटीत नवी फळी लागली होती. तो स्टुलावर बसला, मान ताठ केली, श्वास रोखला.

"आहे. थोडा कमी आहे, पण आहे."

"नक्की?"

"चाळीस वर्षं काढलीत बाई या कामात."

"काका," बाई म्हणाली, "ही अखंड फळी आहे. हिला जोडच नाही."

त्याने परत बघितलं. उजेड होताच.

"आता मान हलवा बघू," ती म्हणाली. त्याने मान हलवली. उजेड फळीवरून उठून गजावर गेला, तिथून कपाटावर गेला, तिथून बाईच्या नाकावर जाऊन बसला.

"द्या इकडे तो चष्मा." तिने तो उजेडाकडे धरला. "हा बघा. उजव्या काचेला वरपासून खालपर्यंत ओरखडा. कुणाचा आहे हा?"

"बायकोचा."

"ती कशी बघायची यातून?" असं म्हणत बाईने स्वतःच चष्मा लावला आणि खिडकीकडे बघितलं. ओरखडा आड आला तसा तिने झक्कपैकी उजवा डोळा मिटला. "हां! असं बघायचं. डाव्या डोळ्याने लख्ख दिसतं."

तो उभा होता तो हळूच मशीनवर बसला.

बारा वर्षं. इस्त्रीचे शर्ट. मुद्दाम ठेवलेले उजेड.

"काय झालं काका?"

"काही नाही. हिशेब चुकला जरा."

बाईने फडताळं ठोकून बघितली, साबणदाणी निरखली. तिच्यात एका हातरंध्याच्या जोडाची रेघ होती. ती नखालासुद्धा लागेना. "हे तुम्ही मारलंय? मग मला कशाला बोलावलंत? तुम्हाला मशीन नको, चष्मेवाला हवा," म्हणाली आणि चार माणसांना हाक मारून मशीन घेऊन गेली. बाई खरी. कामाशी बेइमानी करून तिला विक्री नको होती.

रविवारी त्याने लेकीला ओरखड्याचं विचारलं. डोळ्याचं काही बोलला नाही.

"तो ना! चष्मा तुमच्या पॉलिश पेपरवर पालथा पडला होता. आई म्हणायची, दुसरा डोळा चांगला आहे की. सगळीकडे तशीच बघायची. सुईत दोरा ओवताना, बसचा नंबर वाचताना, टोमॅटो निवडताना…"

"टोमॅटो?"

"हो! एकेक वर उचलायची, डोळा मिटायची."

"टोमॅटोकडे बघून?"

"टोमॅटोकडेच. पण मागे भाजीवाला असायचाच ना!"

त्याने फोन ठेवला. पिशवीत नेहमी मूठभर जास्त यायचं ते त्याला आठवलं. बायको काय घासाघीस करते, असं तो चार लोकांत छातीवर हात ठेवून सांगायचा.

सोमवारी त्याने शेवटची जोडी काढली आणि हातरंध्याने कडा मारल्या. पानं चौकटीत लावली, तिच्या स्टुलावर बसून तिचा चष्मा लावला आणि उजवा डोळा मिटला.

"बंद," तो मोठ्याने म्हणाला. वाद घालायला कुणी नव्हतं. त्याने सरस लावला.

मग हात धुऊन भाजीला गेला. फोन आता येणार नव्हते. कुणाशी तरी दोन शब्द बोलायला हवेच होते.

"या काका," भाजीवाला म्हणाला. "वहिनींची फार आठवण येते हो. काय बघायच्या टोमॅटो!" आणि डोळे पुसायला लागला.

सांगावं का याला? ओठांवर आलं होतं. पण त्याने गिळलं. असू दे, दोघांपैकी एकाचं तरी राहू दे. त्याने टोमॅटो निवडले, एक वर धरला, आणि तिची आठवण म्हणून भाजीवाल्याकडे बघत उजवा डोळा मिटला.

भाजीवाल्याने त्याला नीट न्याहाळलं. "डोळ्यात काही गेलं का काका?" असं विचारलं, आणि तराजूतला जास्तीचा टोमॅटो उचलून परत ढिगात ठेवला.