तीनशे पिक्सेलची आजी

कॉम्प्युटरला भिणाऱ्या माणसांची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. चरोद्याच्या रेल्वे यार्डाच्या ऑफिसात मी हेड क्लर्क आहे आणि आमच्या सेक्शनमध्ये कुणाचंही मशीन अडलं की हाक मलाच येते, "सुमेधभाऊ, जरा या." मी जातो, बंद करून चालू करतो आणि परत येतो. दहापैकी नऊ वेळा तेवढ्यानं भागतं. आज सांगतोय ती दहाव्या वेळची गोष्ट. ती ऑफिसात नाही, माझ्याच क्वार्टरमध्ये घडली आणि तिच्यात माझी सख्खी आजी तासभर मेलेली होती.

झालं असं. माझे वडील, चंपत, पोलादाच्या प्लांटातून रिटायर झाले तेव्हापासून आमच्याकडेच राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गोळ्या चुकल्या तर चालेल असं मी म्हणत नाही, पण धक्का मात्र बसू देऊ नका." त्या दिवसापासून मी घरात दारसुद्धा हळू लावतो.

बाबांची एकच इच्छा होती. आजी कधी आमच्याकडे असते, कधी उतईला ओमप्रकाश काकांकडे. तिनं छप्पन्न साली, चौदा वर्षांची असताना, नागपूरला दीक्षा घेतली. त्या दिवसाच्या तिच्या आठवणी लिहून काढायच्या, छोटी पुस्तिका करायची आणि येत्या चौदा ऑक्टोबरला विहारात वाटायची. पहिल्या पानावर आजीचा त्या दिवसाचा फोटो. पांढऱ्या लुगड्यातली, सरळ कॅमेऱ्यात बघणारी मुलगी. हा फोटो म्हणजे आमच्या घराण्याचा ठेवा. मूळ फोटो जेमतेम दोन बोटं रुंद होता, आजीच्या भावाच्या घरी सापडला आणि पुढे एका पावसाळ्यात क्वार्टरच्या गळक्या छतानं खाल्ला. नशीब की त्याआधी मी त्याचा मोठा स्कॅन करून ठेवला होता. जगात आता तो फोटो एकाच ठिकाणी होता, माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

"दुकानात देऊन टाक ना टाइप करायले," बाबा म्हणाले होते.

"दुकान कशाले? मी घरीच करतो. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. तुमी पाह्यत राहा."

हा एडिटर मला नागपूरच्या माझ्या मावसभावानं, रोशननं, बसवून दिला होता. त्यात ना रंग, ना बटणं. नुसता मजकूर. पण मजकुरात फोटोच्या फाइलचं नाव चौकोनी कंसात लिहिलं की फोटो तिथल्या तिथे, ओळींच्या मधोमध दिसतो. मला ही जादू फार आवडली होती.

त्या रविवारी दुपारी बायको, संघमित्रा, आणि मुलगी साक्षी लोकलनं दुर्गला चपला घ्यायला गेल्या. बाबा जेवून आतल्या खोलीत झोपले. मी आजीच्या आठवणींचं पहिलं पान उघडलं, फाइलचं नाव लिहिलं, आणि स्क्रीनवर एक नाक आलं.

फक्त नाक. स्कॅन एवढा मोठा होता की सगळी स्क्रीन त्यानंच भरली. खाली सरकवलं तर ओठ. आणखी खाली हनुवटी. मजकूर कुठेतरी पोटाच्या पलीकडे गेला होता.

काही हरकत नाही, मी म्हटलं. फोटोच्या वर एक ओळ लिहायची, रुंदी तीनशे पिक्सेल, की झालं. लिहिली. नाक हललं नाही. चारशे लिहिलं, शंभर लिहिलं, रागानं पाच लिहिलं, मग पुन्हा तीनशे. नाक तसंच माझ्याकडे बघत होतं. मग इंटरनेटवर शोधलं तेव्हा कळलं की सेटिंगच्या फाइलमध्ये "फोटो आहे त्याच मापात दाखव" असा हुकूम असतो, तो आधी काढावा लागतो. काढला. सेव्ह केलं. नाक ढिम्म.

आता मला जरा घाम आला. खरं तर इथं उठून चहा प्यायला हवा होता. मी मात्र आणखी शोधलं आणि एका पानावर एक ओळीची कमांड मिळाली. कॉम्प्युटरला थेट हुकूम देतात त्या काळ्या खिडकीत ती लिहायची, पुढे फोटोचं नाव टाकायचं आणि एंटर दाबायचं. फोटो तीनशेचा. मी लिहिली, दाबली, खाली काहीतरी इंग्रजी उमटलं. ते वाचत कोण बसतं? एडिटर बंद करून पुन्हा चालू केला, माझा जुना हुकमी इलाज.

आजी आली. पूर्ण आली. डोक्यापासून पायापर्यंत, तळहाताएवढी, दोन परिच्छेदांच्या मधे नीट उभी. मी खुर्चीत मागे रेललो. आणि मग सहज, कौतुकानं, ते इंटरनेटचं पान पुन्हा वाचलं. कमांडच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सावधान, ही कमांड मूळ फाइलच बदलते. छोटा झालेला फोटो पुन्हा मोठा होत नाही.

जगातला तो एकमेव फोटो मी तीनशे पिक्सेलचा करून टाकला होता. बाबांना तो पानभर छापायचा होता. आता तो पानभर छापला असता तर आजीच्या जागी विटांची भिंत दिसली असती. फोटोची फाइल वेगळी उघडून खात्री करावी, एवढीही हिंमत माझ्यात उरली नाही. आतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं आणि प्रत्येक दोन घोरण्यांच्या मधे मला डॉक्टर दिसत होते.

मी रोशनला मेसेज टाकला. "आजी गेली. माझ्याच हातून गेली. बाबांना सांगू नको. काही वाचवता येत असेल तर लवकर सांग."

पाच मिनिटांत फोन वाजला. रोशनचा नाही, शालू आत्याचा. ती सेक्टर दहामध्ये राहते. बाबांची धाकटी बहीण.

"सुमेध," ती इतक्या हळू बोलली की मला ती ओळखूच येईना, "खरं हाय का रे?"

रोशननं हिला कळवलंसुद्धा? मला त्याचा राग आला, पण लपवण्यात अर्थ नव्हता. "खरं हाय, आत्या."

"कशी गेली?"

"फार मोठी दिसून राहिली होती. मनलं, जरा लहान करू."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"लहान कावून करायची होती?"

"मावतच नव्हती ना आत्या. नुसतं नाक दिसे. आधी सरळ सांगून पाह्यलं, ऐकलं नाही. मंग एक कमांड दाबली."

"काय दाबलं?"

"आता ते जाऊ दे. दाबलं आन् गेली."

तिच्या रडण्याचा आवाज आला. मला भरून आलं. एका फोटोसाठी आत्या इतकी रडेल असं वाटलं नव्हतं.

"आता कुठी हाय ती?"

"इथंच हाय. माह्यासमोर, टेबलावर."

"चेहरा तरी ओळखू येते का?"

"बरोबर पाह्यची हिंमत नाही झाली. आत्या, बाबाले सांगजो नको. त्याईच्या छातीले झेपणार नाही."

"तू कुठंई जाऊ नको," आत्या म्हणाली. "कोणाचा फोन उचलू नको. आमी येऊन राहिलो."

कुणाचा फोन उचलू नको म्हणाली म्हणून मी फोन बंदच करून टाकला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या वेळी मेसेज कुणाला गेलाय एवढं जरी बघितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. तो रोशनला गेलाच नव्हता. तो "चंपत परिवार" या सदतीस माणसांच्या ग्रुपवर गेला होता.

पाऊण तासानं दारावर टकटक झाली. उघडलं तर आत्या, पांढऱ्या लुगड्यात. मागे तिचे यजमान, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांच्या मागे सेक्टर दहाच्या चार बायका, मेणबत्त्यांचं पाकीट आणि फुलांची पिशवी. आत्यानं माझ्याकडे जसं बघितलं तसं मी कधी कुणाला माझ्याकडे बघताना पाहिलेलं नाही. ती माझ्या अंगाला न लागता आत शिरली आणि आधी टेबलाकडे, मग टेबलाखाली बघू लागली.

"कुठी ठेवली?" तिचे यजमान माझ्या कानाशी म्हणाले.

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. ते स्क्रीनच्या मागे जाऊन बघून आले.

तेवढ्यात घोरणं थांबलं. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आपल्या बहिणीला पांढऱ्यात पाहिलं, बायका पाहिल्या, फुलं पाहिली. मग मला पाहिलं. त्यांचा हात हळूच छातीवर गेला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. संघमित्रा आणि साक्षी दुर्गहून यायच्या होत्या, आणि बाबांच्या डोळ्यांत मला दिसलं की त्यांच्या मनात त्या दोघीच आल्या आहेत. लोकल. रूळ. मी नाही नाही म्हणून मान हलवत होतो, पण ती कुणालाच काही सांगत नव्हती.

"दादा, तू बस आधी," आत्या म्हणाली आणि तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. "माय गेली आपली."

बाबा रडले नाहीत. नुसते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. आणि मला त्या क्षणी, एकदम, पायाखालची फळी काढल्यासारखं कळलं की ही माणसं कशासाठी आली आहेत.

"आत्या, नाही. तसं नाही. फोटो..."

"गप बस," आत्या म्हणाली. "तू तर बोलूच नको."

बाहेर एकापाठोपाठ दोन ऑटो थांबल्याचा आवाज आला. आधी संघमित्रा आत आली, हातात चपलांचे डबे. तिच्या मागे साक्षी. "पापा, आपने ग्रुप पे क्या लिख दिया? स्टेशन पे सबके फोन आ रहे थे." आणि तिच्या मागे, उतईचे माझे ओमप्रकाश काका कुणाला तरी हाताला धरून पायरी चढवत होते.

ती आजी होती.

एका बाईच्या हातातली फुलांची पिशवी खाली पडली. दुसरी भिंतीला टेकली. बाबा खुर्चीतून उठले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "माय?"

"आमी विहारात बसलो होतो," काका सांगू लागले. "फोन पाह्यला तं माय मेली म्हणे. माय तं बाजूलेच बसून खीर खाऊन राहिली होती. सुमेधले फोन लावला तं बंद, शालूचा लागेच ना. मले वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला."

"मी मनलं, चाल," आजी म्हणाली. "लोकं जमले असन तं भेट तरी होईन."

बाबांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे, छातीकडे, पुन्हा चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर रंग परत आला तेव्हा कुठे मी श्वास घेतला. पण सांगायचं तर अजून शिल्लकच होतं. मी सगळ्यांसमोर, उभ्यानं, सांगून टाकलं. की आजी नाही, आजीचा फोटो गेला. की मी तो छोटा केला. की तो आता कधीच मोठा होणार नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "तो एकच होता ना रे." त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

संघमित्रा मात्र चपलांचे डबे ठेवून स्क्रीनपाशी जाऊन बसली. ती शाळेत इंग्रजी शिकवते. समोर आलेलं वाक्य न वाचता सोडणं तिला जमत नाही. तिनं काळी खिडकी उघडली.

"हे वाचलं का तुमी?"

"काय लिवलं हाय?"

"'आजी' नावाची फाइल नाही. 'दीक्षाभूमी' नावाची फाइल नाही. '१९५६' नावाची फाइल नाही. तुमी फाइलच्या नावात मधे जागा सोडली. त्याले वाटलं तीन वेगळ्या फाइली हायेत. एकही सापडली नाही. त्यानं काहीच नाही केलं."

"मंग फोटो लहान कसा झाला?"

"सेटिंग बदललं होतं ना? एडिटर बंद करून चालू केल्यावर ते लागू झालं असन. नुसता दिसतो लहान. फाइल हाय तशीच हाय."

तिनं फाइल वेगळी उघडली. मी डोळे मिटून घेतले. साक्षीनं "अरे वाह" म्हटलं तेव्हा उघडले. फोटो होता. पूर्ण, मोठा, लुगड्याच्या काठाचा धागान् धागा दिसत होता.

आत्या खाली बसली आणि म्हणाली, "चहा ठेव कोणी."

"मले दाखवा तं," आजी म्हणाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिला दोनच महिने झाले होते. तो फोटो घरात आला तेव्हापासून, आधी तो दोन बोटांएवढा म्हणून आणि मग डोळे धूसर म्हणून, तिनं तो नीट पाहिलाच नव्हता. आम्ही सांगायचो ही तू, ती म्हणायची, असन. ती स्क्रीनच्या इतक्या जवळ गेली की तिचं नाक त्या नाकाला लागलं.

"ही तं वच्छला होय," ती म्हणाली.

"कोण वच्छला?" बाबांनी विचारलं.

"आमच्या शेजारची. तिले फोटोचा लय शौक. सरकव जरा. इकडं. आणखी." तिनं फोटोच्या अगदी कडेला, जिथं एक अर्धवट हात आत आला होता, तिथं बोट ठेवलं. "हे पाह्य. हा कोपर माहा होय. सगळ्याइच्या चपला माह्याच जवळ होत्या ना, मंग मी मधात कशी येईन?"

गेली वीस वर्षं आम्ही दर चौदा ऑक्टोबरला आजी समजून वच्छलाबाईंना, आधी कागदावर आणि मग स्क्रीनवर, नमस्कार करत होतो. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी बाबाच हसले, आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. आत्यालाही हसू आवरेना. मी बाबांच्या छातीकडेच बघत होतो, पण ते हसणं चांगलं होतं.

"कोपर तं कोपर," बाबा डोळे पुसत म्हणाले. "पण पानभर छाप. सुमेध, तेवढा भाग काप आन् मोठा कर."

मी पुढे सरकलो आणि कीबोर्डवर हात ठेवला. खोलीतल्या अकरा माणसांनी एकदम श्वास रोखला. संघमित्रानं माझा हात अलगद उचलून बाजूला ठेवला.

"आधी एक कॉपी काढू," ती म्हणाली.

कॉपी निघाली. ती साक्षीनं काढली. मला चहाचे कप मोजायला पाठवलं होतं.