हात जोडणारा लॅपटॉप

पहूरच्या धुरपदाअक्का कुणालाही दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. एकदा सांगितलं, यायचं तर या! गेल्या हिवाळ्यात त्यांनी धाकट्या भावाच्या, धुळ्याच्या रतिलालनानांच्या वांग्यांना पाणचट म्हटलं. नाना भरल्या ताटावरून उठले ते फिरकलेच नाहीत. आता पुन्हा मळ्यात भरताचा बेत! भाऊ यावा म्हणून अक्कांचा जीव तुटत होता, पण मान? वाळल्या तुरकाठीसारखी ताठ!

तेवढ्यात नात मयुरी सुट्टीला आली. ही केळीवरच्या रोगांचं संशोधन करणारी.

"पानावरचे डाग कॉम्प्युटर ओळखतो, आजी. त्याला सांगायच्या भाषा असतात. पायथन, ज्युलिया, आर..."

"नुसतं आर? एका अक्षराची भाषा? शेजारच्या पुष्पाबाईला शिकव गं, तोंड तरी मिटेल तिचं!"

मयुरीनं पायथनमध्ये काहीतरी लिहिलं आणि पडद्यावर आपोआप रांगोळी उमटू लागली.

"हिचा रोगाशी काय संबंध?"

"काहीच नाही. गंमत म्हणून! आम्ही सगळेच करतो."

अक्का बघतच राहिल्या. इतक्या सुना हाताखालून गेल्या, पण इतकं निमूट ऐकणारी एक नाही!

"मग त्याला सांग, माझ्या नंबरवरून रत्याला बोलव. आधी साधं, मग गोड, मग हात जोडून. मी नाही हां बोलवत, ते बोलवतंय!"

"आणि थांबायचं कधी?"

"तो 'हो' म्हणेल तेव्हा!"

बेताच्या दिवशी सकाळीच लॅपटॉप घरी कामाला लावून दोघी मळ्यात गेल्या. दुपारी वांगी भाजून होतात न होतात, तोच बांधावरून नाना धावत आले. घामाघूम! फोन विंचवासारखा दोन बोटांत धरलेला!

"अक्का, बंद कर व माय! 'बघू' म्हटलं, 'येतो' म्हटलं, निघाल्यावर 'ई राहिनू' म्हटलं, एसटीतून फोटो पाठवला! तरी तुझं आपलं 'हात जोडते, ये'!"

फोन पुन्हा वाजला. नानांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांच्या दोन्ही हातांत वांगी!

"मग हे कोण पाठवतंय?"

मयुरीनं जीभ चावली. "कॉम्प्युटर, नाना. तुम्ही 'हो' लिहिलंच नाही..."

"आपल्या खानदानात सरळ 'हो' कोण म्हणतं?" नाना आल्या पावली मागे वळले. "मशीनच्या बोलावण्यावर मी जेवत नाही!"

अक्कांना घरचा तो लॅपटॉप आठवला. ना राग, ना कंटाळा, ना मानपान! जन्मात त्यांना जमलं नाही ते त्या डबड्यानं सकाळपासून चालवलं होतं.

"थांब रे! शब्द माझेच शेत, माझ्याच मनातले."

"बठ्ठे? सगळेच्या सगळे?"

"बठ्ठे!"

"'धुळ्याच्या वांग्यांना तोड नाही', हेही?"

अक्कांनी गर्रकन मयुरीकडे पाहिलं. मयुरी चुलीकडे बघत पुटपुटली, "ते... गंमत म्हणून."

अक्कांनी हातातली वांगी ताटात ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या.

नाना मांडी घालून बसले, पहिला घास घेतला, आणि त्यांच्या खिशात फोन पुन्हा वाजला. 'हो' अजून त्यांनी कुठं लिहिलं होतं!