गुणाकररावांची नकली मुलाखत

पुण्याच्या चांगल्या कॉलेजात कोणाचा नंबर लागेल आणि कोणाचा नाही, हे मध्य प्रदेशातल्या सगळ्या बालाघाट जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं, असं गुणाकररावांचं ठाम मत होतं. तो माणूस कोण, हे त्यांना कधी वेगळं सांगावं लागलं नाही!

आता त्यांची पात्रता म्हणाल, तर जन्म शिक्षण खात्यात गेला होता. शाळांना बाकं आणि खडू पोहोचले की नाही, हे ते बघत. शिवाय एका लग्नासाठी पुण्याला जाऊन आले होते. रिक्षा एका नामांकित कॉलेजवरून जात असताना त्यांनी डोकं बाहेर काढून इमारत पाहिली होती. तेवढ्या दर्शनावर निवृत्तीनंतरचा सगळा रुबाब चालला होता!

लोक पोरांना घेऊन यायचे. गुणाकरराव गुणपत्रिका हातात घेत, डोळे मिटत, आणि निकाल देत.

"कोंबडीले दात यायचे जेवढे चान्स, तेवढे तुह्ये!" बैहरच्या एका मास्तरांच्या मुलाला त्यांनी सांगितलं.

बिरसाहून आलेल्या मुलीला म्हणाले, "पुणं पाह्यचं असंन तं सहलीले जा, बाई!"

पोरं रडवेली होऊन जात. गुणाकरराव समाधानाने चहा पीत.

अशात त्यांची सख्खी बहीण विमलाबाई लालबर्र्याहून आली, सोबत मुलगी समीक्षा. समीक्षाने पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात अर्थशास्त्रासाठी अर्ज केला होता. बाहेरच्या राज्यातल्या मुलांची ऑनलाइन मुलाखत होणार होती. लालबर्र्यात नेट कधी येई, कधी रुसून बसे, म्हणून मुलाखत मामाच्या घरून द्यायची ठरली.

"दादा, हिचे बाबा म्हणतात, पुण्याचं झालं तं जा, नाही तं घरून बीए कर, सोयरीक पाहू," विमलाबाई म्हणाली. "पोरीले काही चान्स आहे ना?"

गुणाकररावांनी डोळे मिटले. समीक्षाचा जीव टांगणीला लागला.

"शून्य!"

"दादा!"

"अवं, बाहेरच्यांसाठी जागा किती? चिमूटभर! तेवढ्यावर दिल्लीवाले, बंगालवाले, केरळवाले, सारे टपून बसले! आन् आमची ही कोण? तं लालबर्र्याची! एमपी बोर्डाची! इंग्रजी बोलते तं वाटते खडीवरून बैलगाडी चालली!"

समीक्षा मोठी शांत पोर होती. म्हणजे आतून नव्हे, फक्त वरून.

"पण घाबरू नको," मामांनी आश्वासन दिलं. "मी आहे ना! नागपूरच्या टिकारामले सांगून ठेवलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो लॅपटॉपवर येऊन तुही नकली मुलाखत घेईन. अस्सा सोलून काढीन, की खरी मुलाखत तुले लाडूवानी लागंन!"

टिकाराम म्हणजे त्यांचा जुना मित्र. नागपुरात त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं.

ठरल्या दिवशी गुणाकरराव नवी लुंगी आणि वर कोट घालून लॅपटॉपसमोर बसले. तेवढ्यात समीक्षा फोन घेऊन धावत आली.

"मामाजी, कॉलेजवाल्यांचा फोन आला होता. उद्याची वेळ बदलून त्यांनी..."

"फोन ठेव बाजूले!"

"पण सुनो तो सही! ते म्हणतात, मुलाखत आजच..."

"एक शब्द नाही! आता टिकाराम म्हणजेच कॉलेज! पाठ केलं ते आठव. 'जागतिक अर्थव्यवस्थेच्या बदलत्या परिप्रेक्ष्यात...' म्हण!"

तेवढ्यात लॅपटॉप वाजला, मामांनी बटण दाबलं, पडदा उजळला, आणि समीक्षाचं सांगणं अर्धवटच राहिलं.

समोर चष्मा लावलेल्या एक पिकल्या केसांच्या बाई होत्या आणि बाजूला बारीक मिशीचे एक गृहस्थ. मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट!

गुणाकरराव भारावले. काय माणूस आहे हा टिकाराम! स्वतः आला नाही, दोन माणसं बसवली! कपाटसुद्धा आणलं!

"नमस्कार समीक्षा," बाई म्हणाल्या. "आयत्या वेळी दिवस बदलला, तरी तुम्ही आलात. आभारी आहोत."

"वा! काय अ‍ॅक्टिंग आहे!" गुणाकररावांनी मांडीवर थाप मारली.

"तुमच्याजवळ कोणी आहे का?"

"ते... मामा आहेत माझे," समीक्षा म्हणाली आणि टेबलाखालून मामांना लाथ मारली.

"पाय सरळ ठेव!" मामा ओरडले. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "चालू द्या तुमचं! पण जरा कडक विचारा. एवढं गोड बोलले तं पुण्याचे वाटत नाही तुम्ही!"

मिशीवाल्या गृहस्थांची मिशी किंचित हलली. "तुम्ही मध्य प्रदेशातल्या. पण मातृभाषा मराठी लिहिली आहे. तिकडे मराठी बोलतात?"

"हां! आता आला टोमणा! शाब्बास!" गुणाकरराव खूश झाले. पण नकली असला तरी टोमणा लागायचा तो लागलाच. त्यांचा आवाज चढला. "बोलतात म्हणजे? ओ मास्तर, छप्पन सालाआधी आमची राजधानी नागपूर होती! आम्ही कुठं गेलो नाही. आम्ही बसलो होतो तिथंच बसून आहोत, राज्याची रेघ सरकली! आन् तुम्ही आमाले बाहेरचे म्हणता?"

बाईंनी चष्मा नीट केला आणि मामांना बाजूला ठेवून विचारलं, "समीक्षा, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही बाहेरच्या आहात?"

समीक्षा लॅपटॉपकडे सरकली. जागतिक परिप्रेक्ष्य कुठल्या कुठे पळालं होतं.

"मॅडम, आमच्याकडं हंगामात सीमेवर धानाचे ट्रक थांबवतात. हे धान इकडचं का तिकडचं, विचारतात. धान सारखंच असते. बांधसुद्धा कधी कधी एकच असतो. पण रेघेच्या इकडं भाव वेगळा, तिकडं वेगळा. लहानपणापासून पाहते मी. दोन भाव कोण ठरवते, आणि काहून ठरवते, ते मले..."

"काय धान धान लावलं!" गुणाकररावांनी टेबलावर मूठ आपटली. "पुण्यात धान कोण विचारते? काहो बाई, असं उत्तर दिलं तं खऱ्या मुलाखतीत हाकलून देतील ना हिले?"

"का हाकलतील?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाले काय ठाऊक! टिकारामनं तुम्हाले शिकवून शिकवून किती शिकवलं असंन?"

"टिकाराम कोण?"

"हाऽहाऽ! आता टिकाराम कोण! पक्के आहात तुम्ही!"

एवढ्यात मंजुषामामी, म्हणजे गुणाकररावांच्या सौभाग्यवती, एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन आल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, टिकारामभाऊंचा फोन आहे. म्हणतात, लाइट गेली होती, आत्ता आली. नकली मुलाखत सुरू करू काय म्हणून विचारून राह्यले."

पोह्यांची वाफ तेवढी हलत होती.

गुणाकररावांनी समीक्षाकडे पाहिलं. समीक्षाने हळूच मान डोलावली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग नव्या लुंगीतला आणि कोटातला तो शिक्षणतज्ज्ञ खुर्चीवरून तूप वितळावं तसा घसरत टेबलाखाली गेला! जाताना टेबलावरचं कापड ओढलं गेलं, लॅपटॉप मागे कलंडला, आणि पुण्याच्या मंडळींना थेट छताचा पंखा दिसू लागला.

"वो सामनेवाले घर का टीवी चालू था, मॅडम!" टेबलाखालून आवाज आला.

समीक्षाने लॅपटॉप सरळ केला. केस मागे सारले.

"माफ करा मॅडम. मी माझं उत्तर पूर्ण करू?"

"जरूर," बाई म्हणाल्या.

आणि तिने ते पूर्ण केलं. न अडखळता. मामा मधेच उठून माफी मागायला निघाले होते, पण त्यांना हलता येईना. भाचीने त्यांच्या लुंगीच्या काठावर पाय रोवला होता!

पुढचे काही दिवस गुणाकररावांना जेवण गोड लागेना. विमलाबाई फोनवर फक्त वहिनीशी बोले. "तिकडे समीक्षाची सोयरीक पाहून राह्यले," असं मंजुषामामी मुद्दाम मोठ्याने सांगत. माणूस आतून इतका नरम झाला, की चान्स विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ते "जमून जाईन, बाबू, जमून जाईन!" म्हणू लागले. एक नापास झालेला पोरगा पेढे देऊन गेला!

आणि एक दिवस लालबर्र्याहून फोन आला. समीक्षाचा नंबर लागला होता!

गुणाकरराव खुर्चीत ताठ झाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं, की पुण्याच्या लोकांनी मुलीचा धीर तपासला, आणि तो तपासायची सगळी व्यवस्था मामांनी केली होती.

"मुद्दाम केलतं म्या!" ते सांगत. "टेबलाखाली काय मजा म्हणून गेलतो?"

मंजुषामामी टेबलावरचं कापड सरळ करत राहिल्या.

दोन दिवसांनी कॉलेजातून त्या चष्म्यावाल्या बाईंचाच फोन आला. लालबर्र्यात फोन लागेल न लागेल, म्हणून समीक्षाने अर्जात मामांचाही नंबर दिला होता. गुणाकररावांनी फोन स्पीकरवर टाकला. बढाया ऐकायला शेजारी बसलेले होतेच.

"प्रवेशाच्या दिवशी मुलीसोबत घरचं एक जण आलं तर बरं," बाई म्हणाल्या.

"येतो ना! मीच येतो!" गुणाकररावांची छाती फुगली. "मी गुणाकर बोलून राह्यलो, मामा! मुलाखतीत भेटलो होतो आपण!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"एक जण," बाई हळूच म्हणाल्या. "शक्यतो आई."

फोन बंद झाला. शेजारी एकमेकांकडे पाहू लागले. गुणाकररावांनी घसा साफ केला आणि मान डोलावत म्हणाले,

"पाह्यलं? पुण्यात बायकांले किती मान आहे!"