मामंजींची वाचा आणि माझं मौन

मी बोलते हळू, पण हाती घेतलेलं व्रत अर्ध्यावर सोडत नाही. त्यामुळे मामंजींना लकवा झाला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली आणि डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही खुशाल रिफायनरीत जा. श्रावण संपायच्या आत मामंजी बोलतात की नाही बघा."

ही गोष्ट शहाण्णव सालची. तोवर आम्ही मामंजींना पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं होतं. घरात सगळे चवड्यांवर चालायचे. डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या पडदा सारला.

"सुभानरावांना कोठीत का ठेवलंय? लोणचं घालायचंय?"

"त्यांना शांतता हवी ना?" मी विचारलं.

"मेंदूचा एक भाग गेलाय. त्याचं काम दुसरे भाग शिकू शकतात, कधी कधी. पण शिकायला समोर काही हवं. माणसं, आवाज, वास, हाताला चाळा. खात्री देत नाही मी. पण या अंधारात ते काय शिकणार?"

एवढंच ना? मी मामंजींची खाट बैठकीत, खिडकीशी आणली. आमच्या मांजलपूर भागातल्या सगळ्या स्कूटरी तिथून दिसत. भिंतीवर अकरा देव लावले. सकाळी धूप, दुपारी कापूर. उजव्या हाताला घंटा बांधली. गुरुवारी भजनी मंडळ बोलावलं: चौदा बायका, चार झांजा. मामंजी रेल्वेतले निवृत्त गार्ड. पहिली झांज वाजली की बोगदा आल्यासारखे डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, समाधी लागली!

शिवाय देवाला सांगितलं, माझा आवाज घे, मामंजींना दे. श्रावणभर सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत मौन. या व्रताला ह्यांनी ज्या उत्साहाने होकार दिला, तेवढा लग्नालाही दिला नव्हता.

रोज सकाळी दोन तास मी कथेला देवळात जायची. तेव्हा मामंजींपाशी शेजारचे गुजराती रजनीभाई आणि मामंजींचे रेल्वेतले जुने दोस्त पिलाजीराव बसत. पेपर वाचून दाखवतो म्हणायचे. बिचारे.

दुसऱ्या आठवड्यात मामंजींचा उजवा अंगठा हलला. मग दोन बोटं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय करताय तुम्ही?" मी पाटीवर लिहिलं, 'घंटा'. दिवेलागण झाल्यावर सगळ्या सोसायटीला तोंडी सांगितलं. मंडळातल्या एकीच्या, गोत्रीला राहणाऱ्या दिरालाही लकवा होता. त्याच्यासाठी तशीच घंटा पाठवली.

एकच कोडं होतं. माझ्या व्रताच्या एकवीस सुपाऱ्या कधी सतरा भरायच्या, कधी तेवीस. उंदराने नेल्या म्हणावं, तर आणून कोण ठेवतं? एवढा सचोटीचा उंदीर गणपतीचाच असणार, म्हणून मी कोपऱ्यात रोज एक लाडू ठेवू लागले. तो मात्र नियमाने संपायचा.

मग आली शितळा सातम. गुरुजींचा घसा बसला होता, म्हणून कथा लवकर आटोपली. घरात आले, तर मामंजींच्या खाटेला माझा पूजेचा चौरंग लावलेला. त्यावर पत्ते. मध्ये माझ्या सुपाऱ्यांचा ढीग, त्यात त्या दोघांच्या घरच्याही मिसळलेल्या. रजनीभाई पिसत होते, पिलाजीराव लाडू खात होते, आणि मामंजी उजव्या हाताच्या दोन बोटांत, थरथरत का होईना, तीन पत्ते धरून बसले होते. घंटा खुंटीला.

आणि मला मौन!

मी सुपाऱ्यांकडे बोट केलं. मग स्वतःच्या छातीवर थोपटलं. मग चौरंगावर हात आपटला. म्हणजे, माझ्या आहेत, इथून उचला.

"वाह! भाभीने पण रमवुं छे," रजनीभाई सरकून बसले. "बेसो, बेसो. सातम छे, आजे तो रमवुंज पडे." सातमीला पत्ते खेळायचेच, असा इकडचा रिवाज.

"राजेश्वरीला दोन सुपाऱ्या उसन्या द्या," पिलाजीराव म्हणाले.

मी जोरजोरात मान हलवली.

"दोन पुरत नाहीत म्हणते. चार द्या."

माझ्यापुढे तीन पत्ते पडले. खिडकीतून फेकून द्यावेत म्हणून मी ते उचलले आणि हात मागे नेला. तेवढ्यात कोणीतरी माझा पदर धरला. उजव्या हाताने. आणि तीन महिने बंद असलेल्या गळ्यातून, गंजक्या बिजागरीसारखा, आवाज आला.

"टा... टाकू नको. तीन... बादशहा."

माझ्या हातातले पत्ते गळाले. मौनही गळालं. "मामंजी, बोललात तुम्ही?"

"काका, आ तो चीटिंग छे," दुसऱ्याचे पत्ते बघून सांगितलं म्हणून रजनीभाई चिडले. "बीजाना पत्ता जोईने बोलाय नहीं!"

मग कोण बोललं ते त्यांच्याच लक्षात आलं, आणि ते चष्मा काढून पुसत बसले.

डॉक्टरीणबाईंपुढे खोटं बोलणं मला जमेना. त्या बराच वेळ हसल्या, मग म्हणाल्या, "रोज खेळू द्या. आणि ती घंटा काढा. जरा चिडतात ते तिच्यावर."

गुरुजींनी मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त म्हणून आणखी एक महिना मौन सांगितलं. तेही नेमाने पाळलं. चौथा भिडू नसला की डाव रंगत नाही, म्हणून दोन घटका तिथेच बसायची, मौन धरून. मौनाने चित्त स्थिर राहतं, चेहऱ्यावर काही उमटत नाही.

देवाच्या सुपाऱ्या एकवीस होत्या. सध्या छत्तीस आहेत.