तीन बाजूंनी कापलेला बिजलीबहाद्दर

मी सहसा रागावत नाही. (आमच्या हिला विचारू नका, तिचं मत वेगळं आहे.) पण गेले चार महिने मी संतापलेला आहे. ऑफिसात संतापायची सोय नाही आणि घरात हिंमत नाही, म्हणून तुमच्यापुढे मन मोकळं करतो.

सुरुवात एका किड्यापासून झाली. माझ्याकडे ‘बिजलीबहाद्दर’ या चित्रकथांच्या पाक्षिकाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे शहाण्णव अंक आहेत. दिवसा विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारा साधा लाइनमन, आणि संकट आलं की निळा मुखवटा चढवून प्रोफेसर अंधारेच्या टोळीवर कोसळणारा वीर, असा हा बिजलीबहाद्दर. नवव्या वर्षी पहिला अंक हातात पडला आणि एकेचाळिसाव्या वर्षी शेवटचा मिळाला. मधली बत्तीस वर्षं मी रद्दीच्या दुकानांत गुडघ्यांवर बसून काढली. अंक सत्तावन्नसाठी मी एका माणसाच्या मुलाच्या लग्नात तीन दिवस राबलो. तो माणूस माझा कोणीही लागत नव्हता.

या अंकांना हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे आणि पान फक्त वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, असा घरात नियम. ही एकदा म्हणाली होती, “एवढं सगळं जपताय, वाचता कधी?” मी तिला समजावलं, की वाचायला लोकांकडे वर्तमानपत्रं असतात.

तर चार महिन्यांपूर्वी अंक बारामध्ये मला कसर दिसली. चंदेरी, लांबट, निर्लज्ज किडा. प्रोफेसर अंधारेच्या मिशीचा अर्धा भाग त्याने फस्त केला होता. मी ओरडलोच, “याचा एकदा कायमचा बंदोबस्त केला पाहिजे.” आणि दुसऱ्या दिवशी आठ दिवसांच्या सरकारी प्रशिक्षणाला गेलो. (विषय होता, ‘जुन्या कागदपत्रांचे जतन’. मी अभिलेख कक्षात वरिष्ठ लिपिक आहे.) जाताना अंकांच्या ट्रंकेची किल्ली बरोबर न्यावी की घरी ठेवावी, असा क्षणभर विचार केला. प्रवासात हरवेल म्हणून घरी ठेवली.

परत आलो तर ही दारातच उभी होती. “डोळे मिटा,” म्हणाली.

मी मिटले. हाताला धरून तिने मला आतल्या खोलीत नेलं. डोळे उघडले तर टेबलावर आठ जाडजूड ग्रंथ. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं. कण्यावर वर ‘बिजलीबहाद्दर’ आणि खाली माझं नाव, हुद्द्यासकट. जणू बिजलीबहाद्दर हाच कुणी वरिष्ठ लिपिक असावा.

“बारा-बारा अंकांचा एक खंड,” ही म्हणाली. “आता कसरीची बिशाद नाही. बाइंडर म्हणाला, शंभर वर्षं बघायला नको.”

मी पहिला खंड उघडला. चित्रांच्या तिन्ही बाजूंची पांढरी किनार गेली होती. बिजलीबहाद्दरचं डोकं कपाळाच्या वर सपाट झालं होतं. उजवीकडच्या फुग्यांतली शेवटची अक्षरं उडाली होती, त्यामुळे पुरात बुडणारी म्हातारी ‘वाचवा’ऐवजी ‘वाच, वाच’ म्हणत होती. आणि मुखपृष्ठं नव्हती. शहाण्णवपैकी एकही नव्हतं. ज्या मुखपृष्ठांसाठी मी आयुष्य घातलं, त्यांच्या जागी कोरा पिवळा कागद.

“आवडलं का?” हिने विचारलं. आठ दिवस ती त्या बाइंडरच्या दुकानात खेपा घालत होती. आठ खंड तिने दोन फेऱ्यांत स्वतः उचलून आणले होते, खांद्याला वळ उठला होता.

“अप्रतिम,” मी म्हणालो. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं अवघड वाक्य मी उच्चारलं नव्हतं.

पण बाइंडरला मी सोडणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं दुकान गाठलं. खळीच्या वासात, कापायच्या मशीनजवळ तो चष्मा कपाळावर ठेवून बसला होता.

“किती कापलंत?” मी थेट मुद्द्यावर आलो.

“तीन-तीन सूत. तिन्ही बाजूंनी. कडा बघितल्या होत्या का तुम्ही त्यांच्या?”

“मूळ कडा होत्या त्या. छापखान्यातून आल्या तशा.”

“मग त्या छापखान्यात कापता येत नव्हतं कुणाला,” तो कळवळून म्हणाला. “आणि साहेब, त्या पिना? चाळीस वर्षं पिना कागदात गंजत ठेवल्यात. मी काढल्या, तर पानं रडत होती अक्षरशः. आणि जाब मला विचारता?”

गुन्हेगारानेच फिर्यादीला खडसावावं, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. मी आवाज चढवला, “मुखपृष्ठं कुठे आहेत?”

“ती बांधणीत घेत नाहीत. जाड असतात, पुस्तक फुगतं. बाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

“मग काय योग्य वाटलं?”

“चांगला आर्ट पेपर, टाकतोय कशाला? पुठ्ठ्याला आतून अस्तर लावलं. दुसरं एक काम होतं हातात, अट्ठेचाळीस रजिस्टरं. एका रजिस्टरला दोन पुठ्ठे. अगदी बरोब्बर पुरली,” तो समाधानाने म्हणाला. “परवाच पोचवली.”

“कुठे?”

त्याने सांगितलं. ते माझंच ऑफिस होतं. आणि ती रजिस्टरं माझ्याच अभिलेख कक्षात, माझ्याच खुर्चीमागच्या कपाटात येऊन पडली होती.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, तेव्हा मी कक्षाचं दार लोटलं, चहाची विजेची किटली लावली आणि आवक-जावक रजिस्टराचा पुठ्ठा वाफेवर धरला. पाच मिनिटांनी, कोरी पाठ वर करून चिकटवलेल्या अस्तराची कड सुटली. तिच्याखाली ब्लेड घातलं, हळूहळू ओढलं, आणि अख्खं मुखपृष्ठ हातात आलं. अंक एकतीस. धरणाच्या भिंतीवर एका हाताने लटकलेला बिजलीबहाद्दर, तिन्ही बाजूंच्या किनारीसकट. माझे डोळे भरून आले. (वाफही होतीच.)

तिसरं मुखपृष्ठ सोडवत असताना मागून आवाज आला, “काय चाललंय हे?”

मोठे साहेब. आचवून हात पुसलेला रुमाल हातात तसाच.

“बांधणीची तपासणी, साहेब,” मी म्हणालो. ब्लेड, किटली आणि उघडं पडलेलं सरकारी रजिस्टर यांना जोडणारं दुसरं वाक्य मला सुचेना.

साहेबांनी अंक एकतीस उचलला. “हे काय आहे?”

“अस्तर, साहेब.”

“कंत्राटात कोरा कागद लिहिला होता. कोरा. आणि हा माणूस आपल्या रजिस्टरांत ही असली चित्रं चिकटवतो?” साहेबांचा चेहरा लाल झाला. “आणि हे तुमच्या लक्षात आलं, जेवणाची सुट्टी सोडून. नाही तर बाकीचे. चौकशी लावतो मी. चौकशी अधिकारी तुम्हीच.”

त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण एकोणीस वर्षांत साहेबांनी माझं पहिल्यांदा कौतुक केलं होतं, आणि ते अर्ध्यावर थांबवणं मला बरं वाटलं नाही. शिवाय मी विचार केला, की चौकशीच्या निमित्ताने अट्ठेचाळीस रजिस्टरं हक्काने फोडता येतील. उघड्यावर, दोन शिपाई मदतीला घेऊन.

तशी ती फोडली. शहाण्णव मुखपृष्ठं सुखरूप निघाली. माझ्या टेबलावर ती ओळीने मांडलेली होती आणि मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो. तेवढ्यात साहेब आले.

“पुराव्यांना क्रमांक दिले का? शिक्का, छिद्र, टॅग?”

“साहेब, छिद्र नको. मी पाकिटात ठेवतो एकेक.”

“परिपत्रक काय म्हणतं?”

परिपत्रक म्हणत होतं, की प्रत्येक पुराव्यावर दर्शनी बाजूस ठळक शिक्का मारावा आणि डाव्या कोपऱ्यात छिद्र पाडून टॅग ओवावा. परिपत्रकाचा मसुदा मीच केलेला होता. ‘ठळक’ हा शब्दही माझाच.

साहेब खुर्ची ओढून समोर बसले. ज्या बाइंडरला मी मनातल्या मनात कसाई म्हणत होतो, त्याने निदान माझ्यामागे कापलं होतं. मी माझ्या हाताने शहाण्णव वेळा पंच दाबला. शिक्का कोपऱ्यात मारायचा प्रयत्न केला, तर साहेब म्हणाले, “दिसेल असा मारा.” पहिल्या अंकावर ‘पुरावा क्र. १’ हे बिजलीबहाद्दरच्या दोन डोळ्यांच्या मधोमध उमटलं. त्याने प्रोफेसर अंधारेच्या विषारी वायूला तोंड दिलं होतं, पण असं त्याच्याशी कोणी वागलं नव्हतं.

मग बाइंडरचा जबाब. तो आला, बसला, माझ्याकडे बघून हसला आणि साहेबांना म्हणाला, “कागद यांचाच आहे की. यांच्या मिसेसनी आणून दिला. हे नंतर दुकानात येऊन माझ्यावर ओरडलेसुद्धा.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुमचा?”

“हो, साहेब.”

“मग पहिल्या दिवशी का नाही बोललात?”

चौकशी संपली. बाइंडरला सक्त ताकीद मिळाली. आणि फोडलेली अट्ठेचाळीस रजिस्टरं पुन्हा बांधायला गावात दुसरा कोणी नसल्यामुळे ते कामही त्यालाच मिळालं. तुम्ही हे वाचून चिडला नसाल, तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

“कागद परत हवे असतील तर रीतसर अर्ज करा,” साहेब म्हणाले. माणूस वाईट नाही.

मी अर्ज केला. घरच्या पत्त्यावरून, साध्या कागदावर, एक नागरिक म्हणून. त्यात मी सगळं लिहिलं. रद्दीची दुकानं, सत्तावन्नावा अंक, परक्याचं लग्न. शिक्का आणि छिद्र पडलेली का होईनात, मला माझी मुखपृष्ठं द्या, असं लिहिताना मला शरम वाटली नाही. अर्ज साहेबांकडे गेला. त्यांनी ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून संबंधित लिपिकाकडे पाठवला. दुपारी तो माझ्या टेबलावर आला.

दोन दिवस मी त्या अर्जाकडे बघत होतो. चौकशीतला पुरावा म्हणजे ‘अ’ वर्गाचा अभिलेख. कायम जतन करायचा, कक्षाबाहेर जाऊ द्यायचा नाही. मागे एका निवृत्त शिपायाला त्याच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत हवी होती. मी दिली नव्हती. म्हातारा तास-दीड तास दाराशी उभा होता आणि मी त्याला नियम वाचून दाखवला होता. आता स्वतःच्या गरजेला तो नियम वाकवायचा, तर तो म्हातारा रस्त्यात भेटल्यावर मी कुठे बघायचं? मी टिपण लिहिलं आणि पत्राचा मसुदा केला. नकाराला दोन कारणं द्यावीत, असा आमच्याकडे प्रघात आहे. दुसरं कारण काही सुचेना, म्हणून जे हाताला आलं ते लिहिलं. साहेबांनी सही केली.

पत्र टपालाने घरी गेलं. मी संध्याकाळी पोचलो, तर ही ते उघडून हातात घेऊन बसली होती.

“तुम्हाला कव्हरं हवी होती?” तिने विचारलं.

“तसं काही नाही गं.”

“मला का नाही बोललात? त्या बाइंडरने विचारलं तेव्हा मला वाटलं, चुरगळलेलीच तर आहेत.” तिने पत्र मांडीवर ठेवलं. “तुम्ही अप्रतिम म्हणालात.”

“बांधणी अप्रतिमच आहे,” मी म्हणालो. त्या घडीला मला ती खरंच तशी वाटली.

तिने डोळे पुसले, पत्र पुन्हा वाचलं आणि मग तिचा पारा चढायला लागला. “आणि ही भाषा बघा. ‘अर्जदाराने आपल्या वस्तूंची वाजवी काळजी घेतल्याचे दिसून येत नाही.’ काळजी घेतली नाही? साबणाने हात धुतल्याशिवाय ज्याने कुणाला बोट लावू दिलं नाही, त्या माणसाला हे ऐकवायचं? साहेबांनी नुसती सही केली असणार, ते भले आहेत बिचारे. हा मजकूर लिहिणारा कोण आहे?”

“असेल कोणीतरी कारकून.”

“त्याला काही मन आहे की नाही? घरी बायको तरी कशी नांदते अशा माणसाच्या?”

“सोशिक असेल,” मी म्हणालो.

“मी उद्या येतेच तुमच्या ऑफिसात. समोर उभं करा त्याला.”

“उद्या तो रजेवर आहे,” मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.