रिटायर झालेला तीळ

निवृत्तीला महिना उरला असताना मच्छिंद्र सरांनी मोबाईलवर वाचलं, की अंगावरच्या पुष्कळ तिळांत कॅन्सर करणारा जनुकातला बिघाड असतो. पुढचं न वाचताच ते आरशासमोर गेले. डाव्या गालावरचा तीळ त्यांना एकदम वैऱ्यासारखा दिसायला लागला. नळदुर्गात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी हातपाय गाळून दवाखान्यात बसला होता.

डॉक्टर दीपाली त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं भिंगातून तीळ नीट पाहिला.

"सर, दाखवलंत ते बरं केलं, पण घाबरायचं काय न्हाय. बिघाड झाला की रंगाची पेशी भराभर वाढाय लागते. मग त्या बिघाडामुळंच आतला ब्रेक लागतो. पेशी जिती राहते, पण वाढायचं सोडते. तुमचा तीळ कवाच रिटायर झालाय."

"रिटायर झालेला गप बसतो व्हय?"

"ते आता पुढच्या महिन्यात कळंलच मला," सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी सरुबाई म्हणाल्या.

तरी सरांनी हट्टानं तीळ काढून घेतलाच.

पंधरा दिवसांनी पेन्शनचे कागद भरताना सरांचा हात थांबला. सेवापुस्तकात ओळखीची खूण लिहिलेली होती : डाव्या गालावर तीळ.

"सरू, माझ्याएवढा येडा जिल्ह्यात न्हाय गं!"

"आत्ता कळलं?" म्हणत सरुबाईंनी वणाशेजारी काजळाचा ठिपका दिला.

ऑफिसात पंखा बंद होता. सरांनी घाम पुसला. कारकून गोरोबानं सेवापुस्तकात पाहिलं, मग सरांकडं.

"सर, तुमचा तीळ रुमालाला लागलाय."

सरांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. गोरोबा हसला नाही, हे त्यांना जास्तच लागलं.

"खूण जुळल्याबिगर पेन्शन पुढं सरकत न्हाय. डॉक्टरचा दाखला आणा अन् हा अर्ज भरा. खूण बदलल्याचं कारण तेवढं लिहा."

आयुष्यभर पोरांना 'शास्त्रीय कारणे लिहा' म्हणून छळलेले सर पेन धरून बसले. खूप वेळानं त्यांनी लिहिलं, 'भीती वाटली.' मग उत्तर पुन्हा वाचलं, सवयीनं खिशातला लाल पेन काढला आणि शेजारी ठसठशीत शून्य दिलं.

"सर," गोरोबा म्हणाला, "तपासायचं काम माझं हाय. घ्या, दुसरा अर्ज भरा."