अण्णांचा मुडदा

गल्लीत कुणी गेलं की अण्णा घाटगे सगळ्यांच्या आधी मातीला हजर. ओळख असो, नसो. खांदा देतील, चितेच्या शेणी रचू लागतील, आणि सगळ्यांच्या माना खाली असताना हळूच मयताचे पाय निरखतील. परत येताना माझ्या कानाशी लागतील, "अंगठं बघितलं न्हवं, मास्तर? कसं सैल सोडल्यात! आपल्याला जमत न्हाय तसं."

माणूस वेडा नाही हो. तो नट आहे, आणि गेली नऊ वर्षं आमच्या नाटकात मुडद्याचं काम करतो.

नाटक म्हणजे 'पावणं, खून झालाय!'. मीच लिहिलंय, मीच बसवलंय. शाळेत भूगोल शिकवून उरलेला वेळ मी असा वाया घालवतो. पडदा वर जातो तेव्हा इनामदार सोफ्यावर मरून पडलेला असतो आणि दोन अंक सगळे त्याच्याभोवती धावत असतात. फौजदार त्याच्याच पोटावर वही ठेवून जबाब लिहितो. बायकोला बिचारीला नवरा मेलाय हे शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्या अंकात ती पदराला हात पुसत येते नि म्हणते, "अवो, उठा की आता. ताट वाढलंय, गार व्हायलंय." इथं हमखास हशा.

अण्णा बसचे रिटायर कंडक्टर. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. जन्मभर उभ्यानं नोकरी केली म्हणून देवानं आडवी भूमिका दिली, असं आम्ही चिडवायचो. पण तालमीला सगळ्यांत आधी तेच. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. "भरल्या पोटाचा मुडदा वर-खाली हुतोय, मास्तर. मेल्यावर हलायचं न्हाय, ह्यो पयला नियम." कागलला एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली, निवांत भुवईपर्यंत फिरून परत नाकावर आली. अण्णा ढिम्म. फौजदारालाच हसू आवरेना, तो जबाब अर्धा टाकून विंगेत पळाला.

मग इचलकरंजीचा प्रयोग झाला. स्पर्धेसाठी नाटकं निवडणारे पाहुणे पहिल्या रांगेत. अण्णांना आठवडाभर खोकला होता. मुडदा खोकला तर काय घ्या, म्हणून त्यांनी औषध दुप्पट प्यायलं आणि सोफ्यावर त्यांना खरीच गाढ झोप लागली. मी विंगेत खूश, की आज अण्णांचं काम काय झकास चाललंय! दुसऱ्या अंकात शुभांगीबाई, म्हणजे नाटकातली बायको, पदराला हात पुसत आल्या. "अवो, उठा की आता. ताट वाढलंय, गार व्हायलंय."

मुडदा उठून बसला. पाय खाली सोडले, चपला चाचपडल्या. "आलो आलो," म्हणाला, "हात धुतो नि आलो."

अशा टाळ्या आणि अशा शिट्ट्या आम्हाला नऊ वर्षांत मिळाल्या नव्हत्या. फौजदार म्हणाला, "आता मी तपास कशाचा करू?" खुनाचा बट्ट्याबोळ झाला आणि निवडीचाही. मी पडदा पाडला. मागं अण्णा सोफ्यावर तसेच बसले होते, इकडंतिकडं बघत, काहीतरी शोधत असल्यासारखे. मी त्यांना नाही नाही ते बोललो. वयाचाही मान ठेवला नाही.

चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, पुढच्या वेळी सोफ्यावर बाहुलं ठेवणार हे सांगायला. निवडीची एक शेवटची संधी उरली होती. अण्णा चहा टाकायला उठले. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी पालथी घातलेली. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मी जे सांगायचं ते सांगून टाकलं.

"बराबर हाय," अण्णा म्हणाले. "मुडदाच उठला तर खून कसला?" मग पातेल्याकडं बघतच बोलले, "मास्तर, फोनवर 'जेवलासा काय' समदी इचारत्यात. पोरगं इचारतंय, सून इचारती. 'ताट वाढलंय, उठा' असं कोण म्हणत न्हाय. शुभांगीबाई तेवढ्या म्हणायच्या. मी आपला डोळं मिटून ऐकायचो. त्या दिवशी झोपेत हुतो. मला वाटलं, हीच बोलवायली."

मी चहा पिऊन उठलो. जीव तुटत होता, स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी मी बाहुल्याचा हट्ट सोडला नाही. स्पर्धा, निवड! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

बाहुलं अण्णांनीच शिवलं. आत चिंध्या भरल्या, वर आपलाच जुना कोट घातला. पायाचे अंगठे सैल दिसावेत म्हणून दोन दिवस खपले. प्रयोगाला विंगेत माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. सकाळपासून उपाशी.

"आज तरी खायचं की, अण्णा," मी म्हणालो.

दुसऱ्या अंकात शुभांगीबाई पदराला हात पुसत आल्या. बाहुल्याजवळ वाकून म्हणाल्या, "अवो, उठा की आता. ताट वाढलंय, गार व्हायलंय." हशा उसळला.

शेजारी स्टूल कुरकुरलं. अण्णा अर्धे उठले, माझा खांदा धरून परत खाली बसले आणि माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "आलो."